नेफा, नाडी आणि कांट

मंडळी, आजचा विषय परकर. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

तत्त्वज्ञानाच्या माणसांनी परकरावर बोलावं का, असा प्रश्न पत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना पडला असेल. आमचं उत्तर असं, की हा विषय आम्ही काढलेला नाही, कांटनं काढलाय. 1790 साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या 'क्रिटिक'मध्ये, म्हणजे निर्णयशक्तीच्या चिकित्सेत, चौदावं कलम आहे. तिथे तो अलंकरणाबद्दल बोलतो. ग्रीक शब्द वापरतो, पारेर्गॉन. म्हणजे मुख्य कृतीच्या बाजूला असलेलं, तिला लागून असलेलं पण तिचा भाग नसलेलं. उदाहरणं तीन देतो: चित्राची चौकट, राजवाड्याभोवतीची खांबांची रांग, आणि पुतळ्यावरचं वस्त्र. वस्त्र हे उपांग. त्याच कलमात रंगाचाही निकाल लागतो. चित्रात खरं महत्त्व रेखांकनाला, रंग म्हणजे नुसती मोहिनी, डोळ्याला गुदगुल्या. आता बघा, वस्त्र हे उपांग, तर वस्त्राच्या आतलं वस्त्र म्हणजे उपांगाचं उपांग. ते रंगीत असेल तर दोन्हीकडून बाद. कांटच्या दरबारात जांभळ्या परकराइतकं क्षुद्र काही असू शकत नाही.

आम्हांला हा निकाल मान्य नाही, आणि का मान्य नाही तेवढंच आज सांगायचं आहे.

निमित्त असं. अलीकडे घरच्या घरी व्हिक्टोरियन धाटणीची अंतर्वस्त्रं शिवण्याचा छंद बऱ्याच जणांनी, विशेषतः तरुण मुलींनी, धरलाय. जुने कागदी नमुने बघून शमीज शिवतात, झालरीचे पेटीकोट शिवतात, कॉर्सेटसुद्धा. आणि ते पांढरे नाही, चांगले भडक: हळदी, राणी कलर, मोरपंखी. यावर दोन बाजूंनी टीका होते. एक टीका इतिहासवाल्यांची: व्हिक्टोरियन अंतर्वस्त्रं पांढरी असत, हे रंग म्हणजे नाटक. दुसरी आपल्या देशाभिमान्यांची: साहेबाच्या बाईनं शिकवलेली लाज तुम्ही परत अंगावर चढवताय. दोन्ही टीका अर्ध्या खऱ्या आहेत. अर्धं खरं फार चिवट असतं, म्हणून जरा तपासू या.

पहिली घेऊ. पांढरं का असे? कारण नीतीचं नव्हतं, निदान आधी नव्हतं. कारण धुण्याचं होतं. अंगाला लागणारं कापड घाम घेतं, ते खारात उकळून काढावं लागे, आणि उकळल्यावर टिकेल असा रंग सहज मिळत नव्हता. पांढरं म्हणजे धुतलेलं आणि धुतलेलं म्हणजे कुलीन, अशी साखळी मग तयार झाली, आणि तिच्या शेवटच्या कडीला नीती अडकवली गेली. रंगीत अंतर्वस्त्र म्हणजे काहीतरी भानगड, हा संशय त्यातून आला. सोय आधी येते, तिला सद्गुणाचं नाव मागून मिळतं. हे आपल्या सोवळ्याओवळ्यातही बघायला मिळेल, पण तिकडे आज नको.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करायला गेला आणि डांबरातून जांभळा रंग घेऊन बाहेर आला. तो पहिला ॲनिलीन रंग. पुढच्या काही वर्षांत मॅजेंटा आणि त्याची भावंडं आली. त्याच 1856 मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट निघालं, आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांच्या गिरणीत उत्पादन सुरू झालं. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध कोणी ठरवून जोडला नव्हता. पण नवा रंग, घेरदार सांगाडा आणि मुंबईचा कापूस या तिघांनी पुढची पन्नास वर्षं बायकांच्या कपाटात काय असेल ते बरंचसं ठरवलं. इंग्लंडमध्ये 1860च्या सुमारास वरचा झगा दोऱ्यांनी उचलून धरायची पद्धत आली, चालताना चिखल लागू नये म्हणून. आणि मग खालचा पेटीकोट दिसू लागला. तो लोकरीचा, लाल-काळ्या पट्ट्यांचा. त्याला बाल्मोरल म्हणत, राणीच्या स्कॉटलंडमधल्या वाड्यावरून. लाल फ्लॅनेलचे परकर तर घरोघरी होते, उबेसाठी. शतकाच्या शेवटी सळसळणारे रेशमी रंगीत पेटीकोट आणि काळे-लाल सॅटिनचे कॉर्सेट उघड विकले जात. तेव्हा रंगीत शिवणाऱ्या मुलींना इतिहासाचं भान नाही, हे म्हणणं टिकत नाही. सरसकट पांढरं म्हणणाऱ्यांना ते कमी आहे.

थोर्स्टाइन व्हेब्लेननं 1899 मध्ये कपड्याचा अर्थ दिखाव्याशी जोडला. कपडा म्हणजे अंगावर मिरवलेली पत. नऊवारी शालूला हे चपखल बसतं. पण कुणाला न दिसणाऱ्या परकराच्या आतल्या झालरीला जी लेस लावली जाते, तिचं काय? तिथे व्हेब्लेन गप्प होतो. दाखवण्याची शक्यताच नाही आणि तरी निवड केलेली आहे, हे त्याच्या हिशोबात बसत नाही.

आता दुसरी टीका, लाजेची. हिच्या मागे एक गोष्ट उभी केली जाते. सत्येंद्रनाथ टागोर, पहिले भारतीय आयसीएस, 1864 साली मुंबई इलाख्यात रुजू झाले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इथे आल्या, पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत त्यांनी उचलली, तिला झंपर, शमीज, पेटीकोटाची जोड दिली आणि ती बंगालमध्ये नेली. तिकडे त्या पद्धतीला मुंबईचंच नाव पडलं. एवढं खरं. पण यावरून 'साहेबांच्या लाजेनं परकर आला' असं सूत्र काढायचं आणि ते सगळ्या देशाला लावायचं, यात गडबड आहे. महाराष्ट्राला ते लागत नाही. आमच्याकडे चोळी आधीपासून होती, शिवलेली, खणाची. ती साहेबानं दिलेली नाही. आणि परकर नव्हता तो लाज नव्हती म्हणून नव्हे.

नऊवारीला परकराची गरजच नाही! कासोटा मागे खोवला की साडी स्वतःच स्वतःचं अंतर्वस्त्र होते. दोन्ही पाय वेगळे झाकलेले, कमरेला तिचीच गाठ, तिचाच आधार. त्या नऊ वारांत आतलं-बाहेरचं असा भेदच नाही. कासोटा काढा, वार कमी करा, साडी गोल नेसा, आणि बघा काय होतं. साडीचा घागरा होतो, आणि त्या घागऱ्याला टेकायला जागा राहत नाही. निऱ्या कशात खोवणार? तेव्हा नाडी लागते. नाडीला नेफा लागतो. नेफ्याला खाली कापड लागतं. परकर हा साडीच्या आतला कपडा आहे असं आपण म्हणतो, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं परकर ही खुंटी आहे आणि साडी तिच्यावर टांगलेली आहे.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. 1883 साली त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाची थंडी. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी पडते, हे पुण्या-कल्याणला कुणाच्या लक्षातही येत नाही, तिथे ते जिवावर येतं. त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. 1885चं ते प्रसिद्ध छायाचित्र आपण पाहिलं असेल, जपानच्या आणि सीरियाच्या डॉक्टर मैत्रिणींबरोबरचं. नेसण्याचा हा बदल लाजेच्या खात्यावर मांडायचा, तर थंडी कुठल्या खात्यावर मांडणार? लोकांचे निर्णय असे गुंतागुंतीचे असतात. टीकाकाराला एक कारण हवं असतं, कारण एका कारणाचं व्याख्यान सोपं होतं. आमच्या धंद्याचा हा दोष आहे.

आता कांटकडे परत. देरिदानं 1978 च्या त्याच्या चित्रकलेवरच्या ग्रंथात या चौदाव्या कलमालाच हात घातला. पुतळ्याचं वस्त्र हे उपांग म्हणता, मग क्रानाखच्या चित्रातल्या ल्युक्रेशियानं धरलेला तो पारदर्शक पडदा, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? त्याचं म्हणणं असं की उपांग येतं ते मुख्य कृतीत काहीतरी उणं असतं म्हणून. देरिदाचं लेखन आम्हांला एरवी फारसं मानवत नाही, एका वाक्याच्या जागी सात वाक्यं. पण इथे त्याचं बोट बरोबर जागी पडलंय, आणि आमची गोल साडी हा त्याचा चालताबोलता पुरावा. तिच्यात आधाराची उणीव आहे. ती उणीव परकर भरतो. मग मुख्य कोण आणि बाजूचं कोण?

रंगाचंही तेच. वॉयलची पातळ साडी, फिकी अबोली घ्या. आत पांढरा परकर घातला तर एक रंग, गुलाबी घातला तर दुसरा, चुकून हिरवा घातला तर चारचौघांत शोभा. आतला रंग बाहेरच्या रंगात मिसळतो, चित्रकार आधी एक थर देऊन वर पातळ हात फिरवतो तसा. म्हणून तर आपल्याकडे मॅचिंग सेंटर नावाची संस्था आहे. संस्थाच म्हणायचं. भिंतभर रुबियाचे तागे, एका हिरव्याच्या वीस छटा, आणि दारातल्या उजेडात साडीचा पदर धरून उभी असलेली बाई. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नाही. दुकानदार म्हणतो 'हाच आहे ताई', ती म्हणते 'एक घर गडद दाखवा'. कांट म्हणतो तो शुद्ध अभिरुचीचा निर्णय कुठे बघायचा असेल तर तिथे बघा. पण रेखांकन मुख्य आणि रंग मोहिनी हे त्या बाईला सांगून बघा, काय उत्तर येतं ते!

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त, 1974 साली, सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव आहेत असं मांडलं. एका टोकाला स्वायत्त, व्यवहारापासून सुटलेलं सौंदर्य. दुसऱ्या टोकाला व्यवहारात, जगण्यात रुतलेलं. मराठीत एवढा कसदार विचार या विषयावर क्वचितच झालाय. पण पाटणकर काय किंवा मर्ढेकर काय, दोघांचीही उदाहरणं साहित्य, चित्र, संगीत यांतून येतात. शिवणयंत्रापर्यंत कोणी आलं नाही. आमची तक्रार एवढीच, की दोन ध्रुव एकाच वस्तूत, एकाच टाक्यात भेटतात अशी जागा शोधायची तर ती बैठकीच्या खोलीत नाही, शिलाईच्या मशीनवर आहे.

सहा कळ्यांचा परकर कसा कापतात ते आठवा. कळी वर अरुंद, खाली रुंद. कापडावर ती उलटसुलट मांडायची, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी, म्हणजे चिंधी वाया जात नाही. तिरपी कड ताणली जाते, लोंबते. म्हणून शिवताना एका कळीची सरळ कड दुसरीच्या तिरप्या कडेला जोडायची, म्हणजे घेर एका अंगाला ओघळत नाही. कमरेला चुण्या नाहीत, म्हणून पोटावर गठ्ठा नाही. पायाशी घेर आहे, म्हणून बसमध्ये चढता येतं. यात काटकसर आहे, भूमिती आहे, आणि शेवटी जे हाती येतं ते डौलदार आहे. व्हिक्टोरियन नमुन्यातही हेच. इंग्लंडमधल्या गृहिणींच्या मासिकानं 1860 पासून कागदी नमुने द्यायला सुरुवात केली, अमेरिकेत बटरिकनं 1863 मध्ये मापांप्रमाणे नमुने विकायला काढले. तिकडून इकडे मशीन आलं, सिंगरचं; पुढे 1930च्या दशकात कोलकात्यात उषा बनू लागली. सेवासदनासारख्या संस्थांत शिवणाचे वर्ग होते. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकानं मराठी घरात मापाची शिस्त आणली. 'शमीज' हा शब्द आमच्या आयांच्या तोंडात इतका मुरला होता की तो फ्रेंच आहे हे सांगितलं तर त्या हसल्या असत्या.

आता जरा गंभीर गोष्ट. नाडी.

2024 च्या अखेरीस वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघीही वयस्क. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधल्यानं कमरेवर व्रण, तो भरत नाही, आणि शेवटी त्वचेचा कर्करोग. एक बाई तर परकर न घालता लुगडंच घट्ट आवळून नेसणारी, चाळीस वर्षं. म्हणजे दोष परकराचा नाही, दोरीसारख्या अरुंद पट्टीवर सगळा भार येतो याचा. हे नवीन नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. हा आजार विरळा आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण कमरेवरचा काळा वळ विरळा नाही. या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणींच्या कमरेवर तो असेल, आणि तो बाईच्या कमरेला असायचाच, असं त्या धरून चालल्या असतील.

इथे व्हिक्टोरियन नमुना कामाला येतो. 1870 नंतर तिकडे झगे अंगासरशी झाले, कमरेवरचा गठ्ठा नको झाला, तेव्हा पेटीकोटाला वर रुंद, अंगाच्या आकाराचा पट्टा लावू लागले. चार-पाच बोटं रुंद, नितंबांच्या उतारावर बसणारा, बाजूला बटण. काही परकर तर चोळीसारख्या वरच्या भागाला जोडून खांद्यावरून पेलत. 1881 मध्ये स्थापन झालेल्या विवेकी पोशाखवाल्या मंडळानं तर नियमच केला होता: सगळ्या अंतर्वस्त्रांचं मिळून वजन सात पौंडांपेक्षा जास्त नको. सात पौंड म्हणजे तीन किलोच्या वर! ही कमी केलेली मर्यादा, मंडळी. आधी काय असेल त्याचा अंदाज करा.

जी मुलगी घरी बसून व्हिक्टोरियन पेटीकोट शिवते, तिनं झालरीबरोबर हा पट्टाही उचलावा आणि आपल्या साडीच्या परकराला लावावा, असं आमचं मत आहे. भार तोच, जागा दहापट. दाब आपोआप उतरतो. नाडीचा गुण आम्ही नाकारत नाही. पोट वाढलं, उतरलं, बाळंतपण झालं, तरी तोच परकर चालतो; आईचा मुलीला होतो. बटणाच्या पट्ट्यात ती मुभा नाही. म्हणून पट्टा रुंद, आणि बंद करायला बाजूला सपाट फीत, अशी तडजोड. बाजारात आज जे ताणणाऱ्या कापडाचे माशाच्या आकाराचे परकर आलेत ते आम्हांला या बाबतीत मागे गेलेले वाटतात. नाडी गेली खरी, पण अंग कपड्यात कोंबायचं हे कॉर्सेटचंच तत्त्व, फक्त हाडांच्या जागी लायक्रा. शिवाय त्यात कापण्याची अक्कल नाही. कळ्या नाहीत. कापड ताणतं म्हणून काम भागतं. आणि जुन्या सुती परकराचं गोधडीत अस्तर होतं, शेवटी पोतेरं होतं. या कृत्रिम परकराचं काय होतं ते देवनारमध्ये बसून आम्ही सांगायला नको. 1927 पासूनचा डोंगर इथून जवळच आहे.

एक गोष्ट मात्र या छंदाच्या कौतुकात झाकली जाते. 'घरी शिवणं' या शब्दांचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही या एकाच पिनकोडाच्या आसपास सापडतात. एका घरात सुट्टीच्या दिवशी मोरपंखी पॉपलीन कापलं जातं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, गोवंडी-शिवाजीनगरच्या बाजूला, दहा बाय बाराच्या खोलीत कापून आलेला गठ्ठा पडलेला असतो आणि डझनावर दर ठरलेला असतो. घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1996 मध्ये करार केला, भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. पैशाचा प्रश्न मोठा आहेच, पण तत्त्वज्ञानाच्या अंगानं आम्हांला टोचतं ते वेगळं. तिथल्या बाईची टीप अधिक सरळ असते, हात अधिक तयार असतो. पण रंग तिनं निवडलेला नसतो. गठ्ठा मरून रंगाचा आला की मरून, राखाडी आला की राखाडी. कांटचा अभिरुचीचा निर्णय स्वतंत्र असावा लागतो. तो स्वातंत्र्याचा प्रश्न संग्रहालयातल्या प्रेक्षकाला विचारला जातो, हिला कधी विचारला गेला नाही.

एका घरी आम्ही सहा कळ्यांचा परकर पाहिला, सहाही कळ्या सहा रंगांच्या. गठ्ठ्यातून उरलेल्या तुकड्यांचा, स्वतःसाठी शिवलेला. मालकाच्या मापानं बघितलं तर तो जुळत नाही, म्हणजे विकाऊ नाही. आम्ही विचारलं, वर साडी कुठली? म्हणाली, 'गडद नेसायची काका, मग कुणाला कळत नाही.' पण लाल आणि पोपटी शेजारी येऊ दिलेले नव्हते, मध्ये पिवळी कळी घातली होती. ती पिवळी तिथे का, याचं उत्तर व्हेब्लेनकडे नाही, लाजेच्या सिद्धांताकडे नाही, आणि काटकसरीकडेही नाही. काटकसरीला कुठलाही क्रम चालला असता.

असो. चिठ्ठ्या आल्यात काही, त्यांतली एक घेऊ. विचारलंय, मुंबईच्या दमट हवेत कॉर्सेट शिवावा का? हौस असेल तर जरूर शिवा, पण लोखंडी पट्ट्या घालू नका, एका पावसाळ्यात गंजून कापडावर डाग उतरतील, प्लॅस्टिकच्या मिळतात. आणि त्याच्या आधी शमीज शिवा, सुती, बारीक मलमलची, गळ्याला फीत. कॉर्सेट धुता येत नसे, म्हणून घाम प्यायला आत शमीज असे. तिचा रंग मात्र पक्का आहे का ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा.